नैराश्यावरच्या गोळ्या आणि बिघडलेले पोट: पहिले आठवडे कसे निभवावेत

नैराश्यावरची गोळी सुरू केली की तिचा परिणाम सर्वांत आधी जाणवतो तो पोटात. मन हलके व्हायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. मळमळ मात्र पहिल्या-दुसऱ्या दिवशीच सुरू होते. त्रास आधी आणि गुण नंतर असा हा क्रम आहे, आणि ज्या माणसाला सकाळी अंथरुणातून उठणेही जड झाले आहे, त्याला या क्रमाला पुरेल एवढा धीर धरावा लागतो. त्यामुळे अनेकजण पहिल्या दोन आठवड्यांतच गोळी आपल्या मनाने बंद करतात आणि ‘मला हे औषध सोसत नाही’ अशी स्वतःची समजूत करून घेतात. मीही पहिल्या खेपेला नवव्या दिवशी गोळ्यांचे पाकीट कपाटात टाकून दिले होते आणि तीन महिने डॉक्टरांना कळवले नव्हते, कारण एवढ्या मोठ्या आजारापुढे ‘पोट ढवळते’ ही तक्रार सांगायची मला लाज वाटत होती. तशी लाज वाटण्याचे काहीच कारण नव्हते. पोटाचा त्रास हा या औषधांच्या सर्वाधिक आढळणाऱ्या दुष्परिणामांपैकी एक आहे, डॉक्टरांना तो चांगला परिचित असतो, बहुतेकांमध्ये तो आपोआप ओसरतो आणि ओसरेपर्यंत तो सुसह्य करण्याचे बरेच उपाय आपल्या हातात असतात.

पुढची माहिती डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी वापरायची नाही. डोस वाढवणे, कमी करणे, गोळी बदलणे आणि बंद करणे हे चारही निर्णय त्यांच्याशी बोलूनच व्हायला हवेत. घरी जे करता येते ते समजून-उमजून केले, तर यांपैकी काही निर्णयांची वेळच अनेकदा येत नाही.

मनाच्या औषधाचा पोटाशी संबंध कसा

सेरोटोनिन या संदेश वाहणाऱ्या रसायनाचे नाव घेतले की आपल्याला मेंदू आठवतो, पण शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असते. त्याचा शोधही आधी तिथेच लागला. इटलीतील व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांनी १९३०च्या दशकात आतड्याच्या अस्तरातून एक द्रव्य वेगळे काढले आणि त्याला ‘एन्टेरामीन’ असे नाव दिले. १९४८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी रक्तातून सेरोटोनिन वेगळे केले, आणि १९५२ मध्ये ही दोन्ही द्रव्ये एकच असल्याचे स्पष्ट झाले. आतड्यात सेरोटोनिनची दोन मोठी कामे आहेत. अन्न पुढे सरकवणाऱ्या स्नायूंच्या लाटांना ते चालना देते, आणि पोटात काही बिनसले असल्याची खबर व्हेगस या मज्जातंतूमार्फत मेंदूतील उलटीच्या केंद्रापर्यंत पोहोचवते.

सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम, फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन ही एसएसआरआय गटातील औषधे सेरोटोनिनला पुन्हा पेशीत शोषून घेणारा वाहक रोखतात. हाच वाहक आतड्याच्या अस्तरातही असतो, त्यामुळे मेंदूसाठी घेतलेली गोळी आतड्यातही तेच काम करते. तिथे सेरोटोनिन अचानक जास्त वेळ रेंगाळू लागते, उलटीच्या केंद्राकडे खबर जात राहते आणि आतड्याची हालचाल वाढते. त्यातून मळमळ, पोटात कळा आणि पातळ शौच सुरू होते. काही दिवसांनी शरीर या वाढलेल्या सेरोटोनिनला सरावते आणि त्रास उतरू लागतो. बहुतेकांमध्ये हे एक ते तीन आठवड्यांत घडते. पुढे डोस वाढवला की तोच त्रास काही दिवस परत डोके वर काढू शकतो. त्याने घाबरून जाऊ नये, कारण तोही बहुधा तसाच उतरतो.

अ‍ॅमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन, क्लोमिप्रामिन ही ट्रायसायक्लिक गटातील जुनी औषधे अ‍ॅसिटिलकोलिन या दुसऱ्याच रसायनाचे काम अडवतात, म्हणून त्यांच्यामुळे आतडे मंदावते, शौचाला खडा होतो आणि तोंडाला कोरड पडते. हा त्रास सरावाने मळमळीइतका कमी होत नाही, आणि म्हणूनच त्याची तजवीज पहिल्या दिवसापासून करावी लागते. जाता जाता एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. ट्रायसायक्लिक औषधांचा हाच गुण आतड्याच्या चंचलतेच्या विकारात, म्हणजे आयबीएसमध्ये, उपयोगी पडतो आणि तिथे अ‍ॅमिट्रिप्टिलिन अगदी कमी मात्रेत मुद्दाम दिले जाते.

प्रत्येक औषधाचा स्वभाव निराळा असतो. सर्ट्रालिनने जुलाब होण्याचे प्रमाण त्याच्या गटातील इतर औषधांपेक्षा जास्त दिसते. पॅरॉक्सेटिनने बद्धकोष्ठता होऊ शकते. फ्लुवॉक्सामिन, व्हेनलाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन आणि व्हॉर्टिऑक्सेटिन यांच्यामुळे मळमळ अधिक जाणवते. ब्युप्रोपिऑनने तोंड कोरडे पडते, भूक मंदावते आणि शौचाला त्रास होऊ शकतो. मिर्टाझापिन मात्र आतड्यातील आणि मेंदूतील मळमळीशी निगडित असलेला सेरोटोनिनचा एक ग्राहक (पेशीवरची त्याचा संदेश टिपणारी जागा) रोखते, त्यामुळे त्याने मळमळ क्वचितच होते, पण भूक आणि वजन दोन्ही वाढते. आपल्या चिठ्ठीवर गोळीच्या कंपनीचे नाव असते. त्याखालचे मूळ औषधाचे नाव वाचून पाठ करून ठेवावे, कारण पुढचे सगळे निर्णय त्या नावावर अवलंबून आहेत.

गोळी सुरू करण्याआधी एक वही

नैराश्य आणि चिंता यांनीही पोट बिघडते, हे आपण विसरतो. भूक मरणे, पोटात गोळा येणे, सकाळी घाईने शौचाला जावे लागणे किंवा चार-चार दिवस न होणे, हे आजाराचे भाग असू शकतात. सर्ट्रालिनच्या अधिकृत माहितीपत्रकातील चाचण्यांत औषध घेणाऱ्यांपैकी २६ टक्के लोकांना मळमळ झाली, आणि ज्यांना औषध नसलेली नुसती गोळी दिली होती त्यांच्यापैकीही १२ टक्के लोकांना झाली. जुलाबाचे आकडे अनुक्रमे २० आणि १० टक्के होते. म्हणजे गोळी घेणाऱ्या बहुसंख्य लोकांना मळमळ होत नाही, आणि ज्यांना होते त्या सर्वांची मळमळ गोळीमुळेच असते असेही नाही.

म्हणून पहिली गोळी घेण्याच्या आधीचे तीन-चार दिवस एका वहीत पोटाची स्थिती लिहून ठेवावी: भूक कशी आहे, शौचाला दिवसातून किती वेळा आणि कसे होते, मळमळ किंवा जळजळ आहे का, वजन किती आहे. गोळी सुरू झाल्यावर त्याच नोंदी चालू ठेवाव्यात आणि त्यांत दोन गोष्टींची भर घालावी: गोळी किती वाजता घेतली आणि त्रास किती वाजता सुरू झाला. मळमळीला शून्य ते दहा असा आकडा द्यावा. नैराश्यात स्मरणशक्ती आपल्याला फसवते. वाईट सकाळ लक्षात राहते आणि बरी गेलेली संध्याकाळ विसरली जाते. वहीतला आकडा सातवरून चारवर आलेला दिसला की पुढचे दोन दिवस काढण्याचे बळ येते. हा माझा स्वतःचा अनुभव आहे, आणि एकच उपाय सांगायचा झाला तर मी हाच सांगेन.

मळमळ

पहिला उपाय म्हणजे गोळी रिकाम्या पोटी न घेणे. बहुतेक एसएसआरआय गोळ्या जेवणासोबत घेतल्या तरी त्यांच्या परिणामात फरक पडत नाही, आणि अन्नासोबत घेतल्याने मळमळ बऱ्याच जणांत कमी होते. विलाझोडोन हे औषध तर अन्नासोबतच घ्यावे लागते, कारण रिकाम्या पोटी ते शरीरात नीट शोषले जात नाही. ‘अन्नासोबत’ याचा अर्थ दोन घास खाऊन गोळी असा नाही. निम्मे-अधिक जेवण झाल्यावर गोळी घ्यावी, वर पुरेसे पाणी प्यावे आणि लगेच आडवे होऊ नये.

दुसरा उपाय वेळ बदलण्याचा. गोळी घेतल्यानंतर काही तासांनी मळमळ चढते, असे वहीतून दिसले, तर रात्रीच्या जेवणानंतर गोळी घेतल्याने ते तास झोपेत निघून जातात. हा बदल सर्वांना मानवत नाही. फ्लुऑक्सेटिनसारख्या औषधाने काहींची झोप उडते, आणि अशा वेळी मळमळ गेली पण रात्र जागून काढावी लागली, असे होते. वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारावे, आणि एकदा बदलली की किमान चार-पाच दिवस तीच वेळ ठेवावी. रोज नवी वेळ करून पाहिल्यास काय उपयोगी पडले हे कधीच कळत नाही.

खाण्याच्या बाबतीत पोट पूर्ण रिकामे राहू न देणे आणि एकदम भरून न टाकणे, या दोन गोष्टी पुरेशा आहेत. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे. मऊ भात, टोस्ट, केळे, उकडलेला बटाटा असे सौम्य अन्न या दिवसांत पोटाला झेपते. तळलेले, तेलकट, फार तिखट आणि उग्र वासाचे पदार्थ काही दिवस बाजूला ठेवावेत. गरम अन्नाचा वास सहन होत नसेल तर तेच अन्न कोमट किंवा गार करून खाल्ल्यास वास कमी येतो. पाणी जेवताना भरपूर पिण्यापेक्षा दोन जेवणांच्या मधे घोट घोट प्यावे. आल्याचा तुकडा चघळणे किंवा आले घालून उकळलेले पाणी पिणे काहींना बरे वाटते; तेवढ्या प्रमाणात ते करून पाहायला हरकत नाही, पण आल्याच्या तीव्र अर्काच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत.

एक चूक फार जण करतात. मळमळ होते म्हणून ते गोळी एक दिवसाआड घेतात किंवा ‘आज बरे नाही, उद्या घेऊ’ असे म्हणतात. व्हेनलाफॅक्सिन आणि पॅरॉक्सेटिन ही औषधे शरीरातून लवकर निघून जातात, आणि त्यांचा डोस चुकल्यानेच मळमळ, चक्कर आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी भावना होऊ शकते. म्हणजे जो त्रास टाळण्यासाठी गोळी चुकवली तोच त्रास चुकवल्यामुळे उभा राहतो, शिवाय शरीराला औषधाचा सराव होण्याचे कामही लांबते. गोळी घेतल्यावर उलटी झाली तर लगेच दुसरी गोळी आपल्या मनाने घेऊ नये. किती वेळाने उलटी झाली हे सांगून डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारावे. तसेच सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या आणि कॅप्सूल पोटाला सोपे जावे म्हणून चावू, फोडू किंवा कुटू नयेत. त्यांचे आवरण औषध हळूहळू सुटावे किंवा ते जठरातल्या आम्लापासून वाचावे यासाठीच असते. ड्युलोक्सेटिनच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे.

मळमळ थांबवणाऱ्या गोळ्यांविषयी सावध राहावे. घरात दुसऱ्या कुणासाठी आणलेली उलटीची गोळी सहज हाताशी असते, पण ऑन्डान्सेट्रॉन आणि डॉम्पेरिडॉन ही दोन्ही औषधे हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करू शकतात आणि सिटालोप्रॅम व एस्सिटालोप्रॅम हीसुद्धा करू शकतात. उलटीची गोळी आणि नैराश्याची गोळी अशी एकत्र आली की धोका वाढतो. मेटोक्लोप्रामाइड आणि एसएसआरआय एकत्र घेतल्याने स्नायूंच्या अनैच्छिक हालचाली होण्याची शक्यता वाढते. डॉक्टर गरज पाहून यांतले एखादे औषध थोड्या दिवसांसाठी देतात, पण ते तुमची सगळी औषधे आणि हृदयाचा इतिहास पाहून देतात.

पातळ शौच आणि कळा

दिवसातून दोन-तीन वेळा सैल शौचाला होणे आणि बाकी तब्येत ठीक असणे, हे पहिल्या आठवड्यात चालण्यासारखे आहे. त्यात काळजी घ्यायची ती पाण्याची. लघवी गडद पिवळी होऊ लागली, उभे राहिल्यावर डोके हलके वाटू लागले किंवा जीभ कोरडी पडली, तर नुसते पाणी पुरत नाही आणि मीठ-साखरेचे पाणी घ्यावे लागते. ओआरएसचे पाकीट पाण्यात टाकताना त्यावर लिहिलेले पाण्याचे माप तंतोतंत पाळावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ घालून ते दिवसभर थोडे थोडे प्यावे. ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह आहे, त्यांनी हे पाणी किती घ्यावे ते आधी विचारावे.

कॉफी आणि कडक चहा आतड्याची हालचाल वाढवतात, म्हणून या दिवसांत ते निम्म्यावर आणावेत. फ्लुवॉक्सामिन घेणाऱ्यांनी याकडे जास्त लक्ष द्यावे, कारण हे औषध कॅफिनचे यकृतातील विघटन मंदावते आणि नेहमीचाच कप शरीरात कितीतरी जास्त वेळ रेंगाळतो. मग छातीत धडधड, हात थरथरणे, पोटात ढवळणे हे सगळे गोळीच्या माथी मारले जाते. दुसरा लपलेला गुन्हेगार म्हणजे सॉर्बिटॉल. तोंड कोरडे पडते म्हणून लोक साखर नसलेले च्युइंग गम आणि गोळ्या दिवसभर चघळतात. त्यांत गोडीसाठी सॉर्बिटॉल असते, आणि ते जास्त पोटात गेले की गॅस होतो आणि जुलाब लागतात. दूधही काही दिवस कमी करून पाहावे. मद्य पूर्ण टाळावे, कारण ते पोट आणि मन दोन्ही बिघडवते आणि यांपैकी अनेक औषधांची गुंगी वाढवते.

लोपेरामाइडसारखी जुलाब थांबवणारी गोळी एखाद्या अडचणीच्या दिवशी, म्हणजे प्रवास किंवा परीक्षा असताना, फार्मासिस्टला आपल्या औषधांची नावे सांगून घेता येते. ती रोजची सवय होऊ देऊ नये आणि पाकिटावरच्या मर्यादेपलीकडे कधीही घेऊ नये. मोठ्या मात्रेत ती हृदयाची लय बिघडवते. ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर ती घेऊच नये.

जे नैराश्याच्या गोळीबरोबर मनःस्थिती स्थिर ठेवणारे लिथियम हे औषधही घेतात त्यांच्यासाठी जुलाब आणि उलट्या ही किरकोळ गोष्ट नाही. शरीरातले पाणी आणि मीठ घटले की रक्तातले लिथियम धोकादायक पातळीवर चढते, आणि वाढलेल्या लिथियमने पुन्हा उलट्या-जुलाबच होतात. हात जोरात थरथरू लागणे, तोल जाणे, बोलणे जड होणे ही पुढची लक्षणे आहेत. अशा वेळी पुढचा डोस घेण्याआधी, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. रक्ततपासणी लागू शकते.

जुलाब चार आठवड्यांनंतरही पाण्यासारखे होत राहिले, विशेषतः रात्री झोपेतून उठावे लागले, तर ‘सराव होईल’ म्हणून थांबू नये. सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारी मोठ्या आतड्याची एक सूज असते आणि तिचा सर्ट्रालिनशी, तसेच काही आम्लरोधक आणि वेदनाशामक औषधांशी संबंध आढळला आहे. दुर्बिणीने पाहिल्यावर आतडे वरवर ठीक दिसते. निदान त्याच्या अस्तराचा नमुना तपासूनच होते. औषध बदलल्यावर ती बहुधा बरी होते.

बद्धकोष्ठता आणि कोरडे तोंड

ट्रायसायक्लिक औषध किंवा पॅरॉक्सेटिन सुरू होत असेल, तर शौचाला खडा होण्याची वाट न पाहता पहिल्याच दिवसापासून तंतुमय अन्न वाढवावे: साल असलेली फळे, भाज्या, कडधान्ये, कोंड्यासह दळलेले पीठ. मात्र ते एकदम वाढवले तर पोट फुगते. आठवडाभरात हळूहळू वाढवावे आणि सोबत पाणीही वाढवावे, कारण पाण्याशिवाय तंतू आतड्यात घट्ट बसतात. इसबगोल घेतल्यास ते पेलाभर पाण्यासोबत घ्यावे आणि इतर गोळ्यांपासून दोन तासांचे अंतर ठेवावे. जेवणानंतर, विशेषतः सकाळच्या खाण्यानंतर, आतड्याची हालचाल आपोआप वाढते. तेव्हाच घाई न करता दहा मिनिटे बसण्याची सवय लावावी. कमोडवर बसत असाल तर पायाखाली छोटे स्टूल घ्यावे, गुडघे वर आले की कुंथावे कमी लागते. रोज अर्धा तास चालणे हा उपाय सांगायला सोपा आणि नैराश्यात करायला अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. घरातल्या घरात जेवणानंतर दहा मिनिटे चालले तरी काहीच न करण्यापेक्षा ते बरे.

एवढ्यावर भागले नाही तर लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल ही पाणी धरून शौच मऊ करणारी औषधे डॉक्टरांना विचारून घेता येतात. वृद्धांच्या बाबतीत जास्त जपावे लागते. ट्रायसायक्लिक औषध घेणाऱ्या वृद्ध व्यक्तीला अनेक दिवस शौचाला झाले नाही, पोट फुगून टणक झाले, गॅसही सरत नाही आणि उलटी होते, तर आतडे बंद पडल्याची शक्यता असते आणि थेट रुग्णालयात जावे लागते.

कोरड्या तोंडाचा संबंध पुढे दातांशी येतो, कारण लाळ कमी झाली की दात किडतात. घोट घोट पाणी पीत राहावे, फ्लोराइडच्या टूथपेस्टने दोन वेळा दात घासावेत, साखरेच्या गोळ्या चघळू नयेत आणि दंतवैद्याला आपले औषध सांगावे.

जळजळ, वेदनाशामक गोळ्या आणि रक्तस्राव

रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी आपल्या कामासाठी सेरोटोनिन वापरतात आणि ते त्या रक्तातूनच उचलतात. एसएसआरआय हे उचलणे रोखत असल्याने रक्त गोठण्याची क्षमता थोडी कमी होते. एकट्या गोळीने हा धोका फारसा वाढत नाही, पण तिच्या जोडीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन किंवा अ‍ॅस्पिरिन आले की जठरातून रक्तस्राव होण्याची शक्यता लक्षणीय वाढते. डोकेदुखी किंवा अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल हा सहसा अधिक सुरक्षित पर्याय आहे. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ते स्वतःहून बंद करू नये. जठराच्या संरक्षणासाठी सोबत काही घ्यावे का, हे डॉक्टरांना विचारावे.

जळजळीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल या गोळ्यांमुळे सिटालोप्रॅम आणि एस्सिटालोप्रॅम यांची रक्तातील पातळी वाढते. अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने ओमेप्राझोल घेणाऱ्यांसाठी सिटालोप्रॅमची कमाल मात्रा दिवसाला २० मिलिग्रॅम ठरवली आहे ती याच कारणाने. म्हणून पित्ताची गोळीही डॉक्टरांपासून लपवू नये. रात्रीचे जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास उरकणे आणि उशाकडची बाजू थोडी उंच करणे, एवढ्यानेही पुष्कळदा भागते.

भूक आणि वजन

बहुतेक औषधांनी सुरुवातीला भूक मंदावते आणि वजन थोडे उतरते. काही महिन्यांनी, विशेषतः पॅरॉक्सेटिनने, ते वाढू लागते; मिर्टाझापिन आणि ट्रायसायक्लिक औषधांनी ते आधीच वाढू शकते. आठवड्यातून एकदाच, एकाच वेळी वजन करावे आणि सलग वाढ दिसली की लवकर सांगावे.

डॉक्टरांशी नेमके काय बोलावे

‘पोटाला त्रास होतो’ या वाक्यातून डॉक्टरांना फारसे काही कळत नाही. वही समोर ठेवून असे सांगावे: ‘गोळी रात्री नऊला घेते, मळमळ सकाळी सातला सुरू होते आणि अकरापर्यंत टिकते, पहिल्या आठवड्यात आठ होती, आता पाच आहे, आणि दोन दिवस मी जेवले नाही.’ मग त्यांच्यापुढे निर्णयाला आधार असतो. डोस काही दिवस निम्म्यावर आणून पुन्हा सावकाश चढवता येईल का, हे विचारावे. सर्ट्रालिन २५ मिलिग्रॅमपासून, एस्सिटालोप्रॅम ५ मिलिग्रॅमपासून आणि ड्युलोक्सेटिन ३० मिलिग्रॅमपासून सुरू करून आठवड्याने वाढवण्याची पद्धत प्रचलित आहे. व्हेनलाफॅक्सिन आणि पॅरॉक्सेटिन यांचे सावकाश विरघळणारे प्रकार मिळतात आणि त्यांनी मळमळ कमी होऊ शकते. तीन-चार आठवड्यांनी आणि हे सगळे करून झाल्यावरही जगणे अवघड होत असेल, तर औषध बदलण्याचा विषय मोकळेपणाने काढावा. एक औषध सोसले नाही म्हणजे दुसरेही सोसणार नाही, असे नसते.

वाट न पाहता मदत घ्यावी असे प्रसंग

डांबरासारखे काळे शौच, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी किंवा रक्ताची उलटी, ही जठरातील रक्तस्रावाची खूण आहे. जुलाबासोबत ताप, खूप घाम, थरथर, स्नायू ताठ होणे किंवा फडफडणे, अस्वस्थता आणि गोंधळ असेल तर सेरोटोनिन अतिरेकाची शंका घ्यावी. गोळी नव्याने सुरू केल्यावर, डोस वाढवल्यावर, किंवा ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक, लिनेझोलिड हे प्रतिजैविक, खोकल्यावरच्या औषधातील डेक्स्ट्रोमेथॉर्फन, सेंट जॉन्स वर्ट ही वनौषधी यांतले काही सोबत घेतल्यावर हा प्रकार काही तासांतच उद्भवू शकतो. वृद्ध व्यक्तीला, विशेषतः लघवी वाढवणारे औषध चालू असताना, मळमळीबरोबर डोकेदुखी, सुस्ती आणि भ्रम दिसू लागला तर रक्तातील सोडियम घटले असू शकते. पाण्याचा घोटही पोटात ठरत नसेल, तरीही थांबू नये. आणि पोटाशी संबंध नसला तरी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी: पहिल्या आठवड्यांत, विशेषतः २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांत, बेचैनी किंवा आत्महत्येचे विचार वाढले, तर त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगावे आणि डॉक्टरांना किंवा आपत्कालीन सेवेला गाठावे.

गोळी थांबवताना

बरे वाटू लागल्यावर गोळी अचानक सोडली तर मळमळ, जुलाब आणि चक्कर नव्याने सुरू होऊ शकते. लोक त्याला आजार उलटला असे समजतात किंवा गोळीचे व्यसन लागले असे मानून घाबरतात. हा औषध एकदम काढून घेतल्याचा परिणाम असतो आणि डोस टप्प्याटप्प्याने, काही आठवडे किंवा महिने घेऊन, उतरवला की तो बराच टळतो. फ्लुऑक्सेटिन शरीरात कित्येक आठवडे टिकत असल्याने त्याच्या बाबतीत हा त्रास कमी दिसतो. व्हेनलाफॅक्सिन आणि पॅरॉक्सेटिनमध्ये जास्त.

आणि जर माझ्यासारखे तुम्हीही गोळी आधीच बंद करून बसला असाल, तर कपाटातले पाकीट काढून पूर्वीच्याच डोसने आपल्या मनाने पुन्हा सुरुवात करू नका. मधल्या खंडात शरीराचा सराव मोडलेला असतो आणि पूर्ण डोस एकदम घेतला तर पोट पहिल्यापेक्षाही जोरात बिघडू शकते. डॉक्टरांना फोन करून शेवटची गोळी कोणत्या तारखेला घेतली, तेव्हा डोस किती होता आणि ती कशामुळे सोडली, एवढे तीन तपशील सांगा. कितीपासून पुन्हा सुरू करायचे ते त्यावरून ते ठरवतील. मला त्यांनी दुसऱ्या खेपेला निम्म्या गोळीपासून, रात्रीच्या जेवणानंतर सुरू करायला सांगितले होते.